खोली रंगवावयाची आहे : रंग किती लागेल?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे तो ऐकून काहींना असे वाटेल की, हा विषय रंगाऱ्याचा आहे, शिक्षकाचा नव्हे. शाळेची एक खोली रंगवावयाची झाल्यास रंग किती आणावा, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु या लहानशा प्रश्नात क्षेत्रफळ आहे, गुणोत्तर आहे, शेकडेवारी आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग कसा करावा याचा धडाही आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत क्षेत्रफळाचा पाठ असतो आणि आपल्या शाळेला चार भिंती असतात. मात्र या दोहोंची गाठ पुष्कळदा पडत नाही. ती कशी घालून द्यावी हे मला आज सांगावयाचे आहे.

ही कल्पना माझी नव्हे. आपल्याच वर्धा शहरी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीम या नावाने ओळखली जाणारी योजना पुढे आली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास हे तिचे मुख्य विशेष होते. सूत कातावयाचे तर ते मोजावयाचेही, तोलावयाचेही आणि नोंदावयाचेही. त्या मोजण्या-तोलण्यातून गणित शिकावयाचे, असा तिचा रोख होता. ती योजना पुढे किती टिकली व कोठे खुंटली याची चर्चा मी येथे करीत नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र आजही तितकीच खरी आहे. जे काम शाळेत करावयाचेच आहे, त्याचा हिशेब मुलांच्या हाती दिला म्हणजे तेच काम पाठ होते.

शाळेला अनुदान मिळते. ते मोठे नसते आणि त्यातून पुष्कळ गोष्टी भागवावयाच्या असतात. अशा वेळी रंग आणावयाचा कसा? बहुतेक ठिकाणी रंगारी सांगतो तितका, किंवा मागील वेळी आणला होता तितका. एका शाळेत असे घडले की, रंग तीन भिंतींना पुरला आणि चौथीस उणा पडला. पुन्हा आणलेला रंग त्याच नावाचा असूनही छटेने वेगळा निघाला. त्या भिंतीचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते याचे की, मुळात किती रंग लागावयास हवा होता, हे त्या शाळेत कोणालाच सांगता येईना. पातळीवर सातवीची मुले क्षेत्रफळाची उदाहरणे अचूक सोडवीत होती. पण ज्या भिंतीला ती पाठ टेकून बसली होती, तिचे क्षेत्रफळ त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

तेव्हा आरंभ मोजण्यापासून करू या. आणि त्याही आधी अटकळीपासून. मुलांना खोलीच्या मध्यभागी उभे करावे आणि विचारावे, "या चार भिंतींना किती लिटर रंग लागेल?" प्रत्येकाने आपला आकडा नावासह कागदावर लिहावा. कोणी दोन लिटर लिहील, कोणी शंभर. हसू नये, हसू देऊ नये. ते कागद जपून ठेवावेत. त्यांचे काम शेवटी आहे.

मग मोजपट्टी काढावी. उदाहरणादाखल खोली २४ फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे असे धरू. येथे पुष्कळ मुले २४ ला २० ने गुणून ४८० चौरस फूट हे उत्तर देतील. ते जमिनीचे क्षेत्रफळ झाले, भिंतींचे नव्हे. ही चूक तोंडाने सांगून जात नाही. तिला एक सोपा उपाय आहे. पुठ्ठ्याचे एक लहान खोके घ्यावे, त्याचे झाकण व तळ काढून टाकावा आणि एका कोपऱ्यावर उभे कापून ते उलगडावे. चार भिंती एका ओळीत पसरतात आणि एकच लांबट आयत तयार होतो. त्याची लांबी म्हणजे खोलीची परिमिती आणि रुंदी म्हणजे खोलीची उंची. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा परिमिती गुणिले उंची हे सूत्र जन्मात विसरत नाही. आपल्या खोलीची परिमिती ८८ फूट. उंची १० फूट. म्हणून भिंतींचे एकूण क्षेत्रफळ ८८० चौरस फूट झाले.

यातून जे रंगवावयाचे नाही ते वजा करावे. दार ४ फूट रुंद व ७ फूट उंच, म्हणजे २८ चौरस फूट. चार खिडक्या, प्रत्येकी ४ फूट बाय ४ फूट, मिळून ६४. फळा १२ फूट बाय ४ फूट, म्हणजे ४८. बेरीज १४० झाली. ८८० मधून १४० गेले, राहिले ७४० चौरस फूट.

येथे दोन ठिकाणी हटकून चूक होते. आपल्या काही जुन्या इमारतींच्या भिंती जाड आहेत. खिडकीची चौकट बाहेरच्या अंगास बसविलेली असेल तर आत भिंतीची कड उरते, आणि तीही रंगवावी लागते. ४ फूट बाय ४ फूट खिडकीची परिमिती १६ फूट. आत एक फूट कड असेल तर त्या कडेचे क्षेत्रफळ १६ चौरस फूट. खिडकीचे क्षेत्रफळही तितकेच! म्हणजे जेवढे वजा केले तेवढेच परत मिळवावयाचे. हा योगायोग मुलांना स्वतः शोधू द्यावा. सांगून टाकू नये. दुसरी चूक कौलारू खोलीत होते. तेथे दोन भिंतींच्या माथ्यावर त्रिकोण असतो. २० फूट पाया आणि ५ फूट उंची असलेल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ५० चौरस फूट. असे दोन त्रिकोण म्हणजे १०० चौरस फूट. पुस्तकातला त्रिकोण जिवंत पाहावयाचा असेल तर मान वर करावी, एवढेच पुरे. आपण मात्र पुढील हिशेबासाठी सपाट छताची आणि पातळ भिंतींची खोली धरू, म्हणजे ७४० चौरस फूट हा आकडा कायम राहील.

आता खरा प्रश्न असा, की एक लिटर रंग किती भिंतीला पुरतो? डब्यावर तो आकडा छापलेला असतो. मुलांना तो वाचावयास लावावा. तो चौरस फुटांत आहे की चौरस मीटरमध्ये, एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे नीट पाहावे. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. शाळेत आपण मीटर शिकवितो आणि गावचा गवंडी, सुतार व रंगारी फुटात व ब्रासात बोलतो. मुलाला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत.

परंतु डब्यावरचा आकडा हा गुळगुळीत, तयार केलेल्या भिंतीचा असतो. आपली भिंत तशी असेलच असे नाही. जुन्या चुन्याचे पोपडे, खडबडीत गिलावा, ओल, बारीक भेगा, हे सर्व रंग पितात. म्हणून डब्याला विचारून झाल्यावर भिंतीलाही विचारावे. ते असे : भिंतीवर ५ फूट बाय ४ फूट, म्हणजे २० चौरस फुटांचा तुकडा खडूने आखावा. अर्धा लिटर रंग मापाने घ्यावा, सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळावे, ब्रश आधी त्या रंगात बुडवून निथळून घ्यावा, कारण कोरडा ब्रशही रंग पितो; आणि मग रंगाऱ्याकडून तो तुकडा रंगवून घ्यावा. उरलेले मिश्रण मोजावे. समजा ते निम्मे उरले. म्हणजे मूळ रंग पाव लिटर लागला आणि एक लिटर ८० चौरस फुटांना पुरला. दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्यावर दुसरा हात द्यावा. समजा या वेळी अर्ध्या लिटरच्या मिश्रणातील एक तृतीयांशच संपले. म्हणजे एक लिटरला १२० चौरस फूट. पहिल्या हाताने भिंतीची तहान भागली, म्हणून दुसऱ्या हातास रंग कमी लागला.

आता हिशेब करू. पहिला हात : ७४० भागिले ८०, म्हणजे ९.२५ लिटर. दुसरा हात : ७४० भागिले १२०, म्हणजे सुमारे ६.१७ लिटर. एकूण १५.४२ लिटर. येथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "गुरुजी, ८० आणि १२० यांची सरासरी १००, दोन हातांचे क्षेत्रफळ १४८०, भागाकार १४.८ लिटर. मग आपले उत्तर जास्त का?" हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी लाभला तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे. सरासरी कशाची घ्यावयाची, हा यातील मर्माचा मुद्दा आहे. रंग लिटरने संपतो. जो हात रंग जास्त पितो, त्याच्याकडे लिटरही जास्त जातात. म्हणून दोन्ही आकडे समान मानून काढलेली सरासरी येथे फसवते. बैलगाडी जाताना सावकाश आणि येताना भरभर गेली तर एकूण वेळ काढताना हेच घडते. ही गोष्ट एकदा भिंतीवर उमगली की वेगाच्या उदाहरणांत मूल अडत नाही.

या १५.४२ लिटरांत सांडलवंड, डब्याच्या तळाशी राहिलेले आणि ब्रशला चिकटलेले यांसाठी शेकडा ५ धरावे. ते सुमारे ०.७७ लिटर होते. बेरीज १६.२ लिटर. रंग १, ४, १० व २० लिटरच्या डब्यांत मिळतो. वीसचा एक डबा आणावा, की दहा, चार आणि एक-एकचे तीन मिळून सतरा लिटर आणावेत? दुकानातून भाव आणून मुलांनीच हा हिशेब करावा. कधी मोठा डबा स्वस्त पडतो, पण उरलेला चार लिटर रंग पुढच्या वर्षापर्यंत आटून साय धरतो. मग ती स्वस्ताई कोठे राहिली? रंग यंत्रावर मिसळून घेतलेला असेल तर सगळा एकदमच घ्यावा आणि काम सुरू करण्यापूर्वी सर्व डबे एका स्वच्छ पिंपात एकत्र ढवळून घ्यावेत, म्हणजे छटा एकच राहते. एवढे करूनही रंग कमी पडेल असे दिसले तर काम भिंतीच्या मध्यावर थांबवू नये, कोपऱ्यावर थांबवावे. कोपऱ्यात छटेचा फरक डोळ्यांत भरत नाही.

वरच्या वर्गांसाठी आणखी एक सुंदर उदाहरण आहे. एक लिटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर. तो १० चौरस मीटरवर, म्हणजे १,००,००० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर थराची जाडी किती? एका सेंटिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे ०.१ मिलिमीटर. वहीच्या पानाएवढी! आणि त्यातील पाणी उडून गेल्यावर थर त्याहूनही पातळ होतो. भिंतीचा सारा डौल एका पानाच्या जाडीत सामावलेला असतो, हे कळल्यावर मुले भिंतीवर खिळा ओरखडण्यापूर्वी क्षणभर थांबतील अशी मला आशा आहे.

चुन्याची सफेदी करावयाची असेल तरी रीत हीच. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाण्यात टाकला की फुलतो, आणि भिंतीवर लावला की हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो. भिंत आधी पाण्याने ओली करावी, नाहीतर उन्हाळ्यातील कोरडी भिंत चुन्यातील पाणी ओढून घेते आणि सफेदी हाताला लागते. आपल्या गावच्या घराघरांतून पांढऱ्या मातीचा पोतारा फिरविणाऱ्या आजीला विचारून पाहा. ओसरीला किती माती लागेल हे ती न मोजता सांगते. ती अंदाजपंचे बोलत नसते. पन्नास दिवाळ्यांचा ताळा तिच्या हातात असतो. मुलांनी तिला प्रश्न विचारावेत, तिचा आकडा लिहून घ्यावा आणि प्रत्यक्ष किती माती लागली ते मोजावे. घरी करावयाचा याहून चांगला स्वाध्याय मला ठाऊक नाही.

आणि जेथे लांबी गुणिले रुंदी चालतच नाही तेथे काय करावे? तान्हा पोळा आपल्या विदर्भाचा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर आपणां सर्वांच्या परिचयाचा. लाकडी बैल रंगवावयास रंग किती लागेल? त्याच्या अंगाभोवती जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवावेत, मग ते उकलून चौकटीच्या कागदावर मांडावेत आणि चौकटी मोजाव्यात. वाकड्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ असे मोजता येते, हे मुलांना कळते आणि बैलही नीट रंगतो.

येथे सावधगिरीचे दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. मुलांनी मोजावे, लिहावे, हिशेब करावा. शिडीवर चढू नये आणि चुना विझविण्याच्या जागेजवळ फिरकू नये. विझणारा चुना उकळतो आणि त्याचा थेंब डोळ्यात गेल्यास डोळा जाऊ शकतो. दुसरे असे, की जुन्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा खरवडून त्याची धूळ वर्गात उडवू नये. पाण्याने ओला करून, मुले शाळेत नसताना खरवडावा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसावी. नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे.

काम संपले म्हणजे पाठ संपला असे समजू नये. खरा पाठ तेव्हाच सुरू होतो. प्रत्यक्ष किती रंग लागला ते मोजावे. समजा १५ लिटर लागला. आपला अंदाज १६.२ होता, फरक १.२ लिटर, म्हणजे प्रत्यक्षाच्या शेकडा ८. हा फरक कोठून आला? तुकडा आखला ती भिंत पश्चिमेची, उन्हाने तापणारी होती काय? रंगाऱ्याने पाणी अधिक मिसळले काय? की सांडलवंड आपण जास्त धरली? आता पहिल्या दिवशीचे ते कागद काढावेत. ज्याने दोन लिटर लिहिले होते आणि ज्याने शंभर लिहिले होते, त्या दोघांनाही आपल्या अटकळीपासून या हिशेबापर्यंतचा प्रवास दिसेल. अटकळ आणि अंदाज यांत भेद आहे. अटकळ चुकली तर हसून सोडून द्यावी लागते. अंदाज चुकला तर का चुकला हे शोधता येते, कारण त्याची प्रत्येक पायरी लिहिलेली असते. ज्याचा ताळा पाहता येतो तोच अंदाज.

हा कागद शाळेच्या दप्तरातही राहू द्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीला अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचा अधिकार दिला आहे. समितीच्या सभेत पावतीसोबत सहावी-सातवीच्या मुलांनी केलेला हिशेब ठेवला, तर कोणा पालकाला शंका उरणार नाही. आणि सोळा लिटरच्या खोलीला तीस लिटरचे बिल कोणी आणलेच, तर ते मुलेच ओळखतील. मुख्याध्यापकाला यासारखे संरक्षण दुसरे नाही.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. आपल्या बहुतेक मुलांचे आईबाप कापूस-सोयाबीन पिकविणारे आहेत किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणारे आहेत. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरही असाच आकडा असतो : एकरी किती औषध, किती पाण्यात. क्षेत्र किती, एका पंपात किती पाणी, एकराला पंप किती, म्हणून पंपाला औषध किती. रीत तीच, फक्त भिंतीच्या जागी वावर. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. त्याची कारणे अनेक होती आणि केवळ गणिताने ती दूर झाली असती असे मी म्हणणार नाही. परंतु डब्यावरचा मजकूर वाचणारा, क्षेत्र मोजणारा आणि माप वापरणारा एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घरात असावी, एवढी अपेक्षा आपल्या शाळेकडून करणे गैर नाही. रंगात चुकले तर भिंत बिघडते. तेथे चुकले तर माणूस जातो. म्हणून चुकण्याचा सराव भिंतीवर व्हावा.

माझी विनंती अशी की, येत्या सुटीपूर्वी प्रत्येक शाळेने आपली एक खोली मुलांकडून मोजवून घ्यावी. रंगवावयाचे अनुदान नसले तरी चालेल. मोजावयास पैसे लागत नाहीत. पहिली-दुसरीने भिंतीवर हाताची वीत लावून मोजावे, तिसरी-चौथीने परिमिती काढावी, पाचवीने क्षेत्रफळ आणि त्यापुढील वर्गांनी लिटर व शेकडेवारी. तो कागद पुढील परिषदेस घेऊन यावा. कोणत्या शाळेची भिंत किती रंग पिते, हे आपण एकमेकांस सांगू.